सुमो हे नाव जपानी पैलवानाचं नाही, ते एका मराठी इंजिनिअरचं आहे : सुमंत मुळगावकरांची गोष्ट

नारायणगावचा टोमॅटो बाजार, लेण्याद्री आणि ओझरची अष्टविनायक यात्रा, आळेफाट्यावरून माळशेजकडे जाणारा रस्ता, मंचर-घोडेगाव-डिंभे करत भीमाशंकरला चढणारी वाट. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या या रस्त्यांवर गेली तीसेक वर्षं एक चौकोनी, उंच, दणकट गाडी हमखास दिसते.

टाटा सुमो.

लग्नाचं वऱ्हाड, देवदर्शन, दवाखान्याची धावपळ, शाळेची पोरं, कधी मागे कोंबलेली तरकारी. सुमोनं सगळं ओढलं. एकेकाळी घरची गाडी आणि धंद्याची गाडी यात फरकच नव्हता. सकाळी भाडं मारायचं आणि संध्याकाळी घरच्यांना घेऊन पाहुण्यांकडे जायचं.

या गाडीच्या मालकांमध्ये एक चर्चा कायम रंगते. मागून गाडी बसतेय, एक पाटा वाढवू का? वळणावर झोल खातेय, शॉकॲब्सॉर्बर कडक टाकू का? जरा उंच केली तर खड्ड्यात खाली लागणार नाही ना?

आता गंमत बघा. ज्या माणसाच्या नावावरून या गाडीचं नाव पडलं, त्याचं अख्खं आयुष्य याच प्रकारचे प्रश्न सोडवण्यात गेलं. परदेशातून आलेलं यंत्र आपल्या रस्त्यावर, आपल्या वजनाखाली टिकवायचं कसं आणि त्यात बदल करायचा तर तो अंदाजाने करायचा की मोजून?

त्या माणसाचं नाव सुमंत मुळगावकर. सुमंतमधला सु आणि मुळगावकरमधला मो (इंग्रजी स्पेलिंगमध्ये एम-ओ-ओ येतं म्हणून मो). झाली सुमो.

सिमेंटपासून सुरुवात

सुमंत मुळगावकरांचा जन्म १९०६ सालचा, मुंबईतला. मुळगावकर हे आडनाव मूळचं गोव्याकडचं. शिकायला ते लंडनला गेले आणि इम्पिरियल कॉलेजमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंग करून १९२९ च्या सुमारास परत आले.

लंडनचा इंजिनिअर म्हटल्यावर आजच्या काळात लगेच पॅकेजची चर्चा होईल. पण १९२९ म्हणजे जागतिक मंदीचं वर्ष. त्यातही त्या काळच्या हिंदुस्थानात मोठ्या कारखान्यांमधल्या तांत्रिक जागांवर बहुतेक गोरे साहेब बसलेले असायचे. देशी इंजिनिअर हा प्रकारच दुर्मीळ होता.

मुळगावकर सिमेंटच्या धंद्यात शिरले. पुढे १९३६ मध्ये अनेक सिमेंट कंपन्या एकत्र येऊन एसीसी म्हणजे असोसिएटेड सिमेंट कंपनीज तयार झाली, तिथे त्यांनी नाव कमावलं.

सिमेंटचा कारखाना म्हणजे अवाढव्य फिरत्या भट्ट्या, दगड दळणाऱ्या चक्क्या आणि सतत उडणारी धूळ. ही सगळी यंत्रं तेव्हा परदेशातून यायची. दुसरं महायुद्ध पेटलं आणि यंत्रं घेऊन येणाऱ्या जहाजांचा भरवसा संपला. सुटा भाग मोडला तर तो मागवायचा कुठून, हा प्रश्न देशातल्या प्रत्येक कारखान्यापुढे उभा राहिला.

मुळगावकरांनी निवडलेला रस्ता म्हणजे सिमेंटची यंत्रं इथेच बनवायची. इथल्या वर्कशॉपमध्ये, इथल्या कारागिरांच्या हातून.

हा अनुभव त्यांना आयुष्यभर पुरला. यंत्र विकत घेता येतं, पण ते का चालतं याची समज विकत मिळत नाही. ती स्वतः हात काळे करूनच येते.

जेआरडींनी बोलावलं

१९४५ मध्ये टाटांनी जमशेदपूरला एक नवी कंपनी काढली होती. काम होतं रेल्वेची वाफेची इंजिनं बनवायचं. हीच पुढे टेल्को म्हणून ओळखली गेली आणि २००३ पासून आपण तिला टाटा मोटर्स म्हणतो.

१९४९ मध्ये जेआरडी टाटांनी मुळगावकरांना या कंपनीत आणलं आणि कारभार त्यांच्या हाती दिला.

रेल्वे इंजिनांचा धंदा चालू होता, पण त्याला गिऱ्हाईक एकच, सरकार. सरकारने उद्या ऑर्डर थांबवली तर कंपनी बसणार. शिवाय वाफेच्या इंजिनाचे दिवस भरत आले होते. दुसरं काहीतरी हातात असणं गरजेचं होतं.

ते दुसरं काहीतरी म्हणजे ट्रक.

१९५४ मध्ये टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला. काही महिन्यांतच जमशेदपूरमधून पहिला ट्रक बाहेर पडला. नाकावर मर्सिडीजचा तारा आणि त्याच्यासोबत टाटांचं नाव.

ट्रक जर्मन होता, पण रस्ते आपले होते. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही आणि सस्पेन्शनचा विषय इथूनच सुरू होतो.

पाट्याचं गणित

ट्रकच्या चाकाजवळ खाली वाकून बघितलं तर लोखंडी पट्ट्यांचा एक जुडगा दिसतो. एकाखाली एक, लांबीला कमी कमी होत गेलेल्या पट्ट्या. गॅरेजवाले याला पाटे म्हणतात. बैलगाडी आणि घोडागाडीच्या जमान्यापासून चालत आलेली ही स्प्रिंग आहे.

पाट्याचं वैशिष्ट्य असं की तो एकटा तीन कामं करतो. वजन पेलतो. ॲक्सल जागेवर धरून ठेवतो. आणि पट्ट्या एकमेकींवर घासल्यामुळे गाडीचं उसळणं थोडं आवरतो. स्वस्त, दणकट आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात दुरुस्त होणारा.

अडचण एवढीच की पाटा एकाच वजनाला नीट बसतो. दहा टनाला कसलेला पाटा रिकाम्या ट्रकला दगडासारखा लागतो. रिकाम्या गाडीला मऊ लागेल असा पाटा टाकला तर भरल्या गाडीत तो उताणा पडतो.

आपल्याकडे ट्रक भरताना कागदावरचं वजन आणि हौद्यातलं वजन यांची गाठ क्वचितच पडते. त्यात खड्डे, पावसाळा आणि घाट. म्हणजे जर्मनीतल्या रस्त्यासाठी केलेलं गणित इथे जसंच्या तसं चालणार नव्हतं.

मुळगावकरांबद्दल एक किस्सा सोशल मीडियावर नेहमी फिरतो. जेवणाच्या सुट्टीत ते गायब व्हायचे आणि ढाब्यावर ट्रक ड्रायव्हरांसोबत जेवत गाडीच्या तक्रारी विचारायचे, असा तो किस्सा. त्यात किती मीठमसाला घातला गेलाय ते बाजूला ठेवू. पण कारखान्यातून गाडी बाहेर पडली की काम संपलं असं न मानता गिऱ्हाइकाच्या हातात ती कशी चालते हे पाहायचं, ही टेल्कोच्या कामाची रीत होती. ट्रक ड्रायव्हर आणि गॅरेजवाला यांना गाडीचं जे कळतं ते ड्रॉइंग बोर्डवर दिसत नाही.

तारा गेला, टी आला

करार १५ वर्षांचा होता. म्हणजे १९६९ मध्ये जर्मन हात सुटणार हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

बऱ्याच कंपन्या अशा वेळी करार वाढवून घेतात. रॉयल्टी द्यायची, ड्रॉइंग घ्यायचं, गाडी बनवायची. डोक्याला ताप नाही.

मुळगावकरांच्या टेल्कोने मिळालेल्या १५ वर्षांचा उपयोग शिकायला केला. एकेक सुटा भाग देशात बनवायला घेतला. १९६९ मध्ये करार संपला, नाकावरचा तारा उतरला आणि त्या जागी टाटांचा टी आला. ट्रक मात्र बनतच राहिले. नाव बदललं म्हणून गिऱ्हाईक पळालं नाही, कारण तोपर्यंत ट्रक खऱ्या अर्थाने इथलाच झाला होता.

पण मुळगावकरांचं डोकं त्याच्याही पुढे चाललं होतं. बनवता येणं वेगळं आणि नवीन डिझाइन करता येणं वेगळं. दुसऱ्यासाठी स्वतःची संशोधन शाखा लागते, स्वतःची अवजारं लागतात आणि शिकलेली माणसं लागतात.

त्यासाठी त्यांनी निवडलं पुणे.

पिंपरीचा माळ

१९६६ च्या सुमारास पिंपरी-चिंचवडमध्ये टेल्कोचं काम सुरू झालं. आज जिथे गर्दीमुळे सिग्नल सुटत नाही, तिथे तेव्हा उजाड माळ होता.

आता कुठलाही उद्योगपती काय करेल? पटकन शेड उभी करेल, असेंब्ली लाइन टाकेल आणि ट्रक काढायला सुरुवात करेल. पैसे अडकलेत, ते सुटायला हवेत.

पुण्यात क्रम उलटा लागला. आधी आलं प्रशिक्षण केंद्र. मग यंत्रं बनवणारी यंत्रं, म्हणजे मशीन टूल्स. मग डाय आणि साचे. सोबत इंजिनिअरिंग रिसर्च सेंटर, ज्याची सुरुवातही १९६६ चीच. पूर्ण गाड्या पुण्यातून बाहेर पडायला सत्तरच्या दशकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

म्हणजे जवळपास दहा वर्षं माणसं आणि अवजारं तयार करण्यात गेली.

अनेकांना तेव्हा हा वेडेपणा वाटला असता तर नवल नाही. पण त्याचा परिणाम आजूबाजूच्या तालुक्यांना विचारा. पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरी ओलांडली की खेड, मग आंबेगाव, मग जुन्नर. या तालुक्यांमधली कितीतरी पोरं आयटीआय करून पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या कारखान्यांमध्ये लागली. कुणी टेल्कोत, कुणी टेल्कोला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये. गावाकडे शेती आणि इकडे शिफ्ट, असं दोन्हीकडे पाय ठेवून घरं उभी राहिली.

आणखी एक गोष्ट. त्या उजाड माळावर मुळगावकरांनी हजारो झाडं लावून घेतली. आवारात एक तळं केलं, जिथे पुढे पक्षी यायला लागले. कारखाना म्हटला की धूर आणि भंगार, एवढंच समीकरण असलेल्या काळात हे विशेष होतं. त्यांना स्वतःला फोटोग्राफीचा आणि डोंगरदऱ्यांचा नाद होता.

त्यांच्या पत्नी लीला मुळगावकर यांचं कामही तेवढंच मोठं. रक्तदान आणि रक्तपेढीची चळवळ मुंबईत रुजवण्यात त्या पुढे होत्या आणि १९६३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

जपान्यांसमोर ४०७

सत्तरच्या दशकात जेआरडींनंतर टेल्कोचं चेअरमनपद मुळगावकरांकडे आलं. १९८१ मध्ये सरकारने मारुती उद्योग ही कंपनी काढली, तेव्हा तिच्या चेअरमनपदाची धुराही सुरुवातीला त्यांनी सांभाळली.

ऐंशीच्या दशकात मात्र टेल्कोसमोर खरी परीक्षा आली.

सरकारने छोट्या ट्रकसाठी जपानी कंपन्यांना दार उघडलं. एकामागून एक चार जोड्या मैदानात उतरल्या. डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी आणि ऑल्विन-निसान. देखण्या, हलक्या, कमी तेल पिणाऱ्या गाड्या. टेल्कोकडे मोठे ट्रक होते, पण या मापाची गाडी नव्हती.

आता हाताशी पर्याय होता की आपणही एखाद्या जपानी कंपनीशी हातमिळवणी करावी. टेल्कोने पुण्यातल्या स्वतःच्या संशोधन केंद्राला कामाला लावलं. १९८६ मध्ये आली टाटा ४०७.

दिसायला जपान्यांइतकी नाजूक नाही, पण पुढे आणि मागे दणदणीत पाटे, सोसेल तेवढं वजन आणि कुठेही दुरुस्त होईल अशी रचना. त्या चार जपानी जोड्यांपैकी बहुतेकांची नावं आजच्या पिढीला आठवतही नाहीत. ४०७ आजही नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट घेऊन उभी दिसते.

पिंपरीच्या माळावर घातलेली ती दहा वर्षं अशी वसूल झाली.

सुमो येते, पण ते बघायला नसतात

१९८८ मध्ये टेल्कोने टाटामोबाइल नावाचा पिकअप आणला. त्याच वर्षाच्या शेवटी मुळगावकर बाजूला झाले आणि रतन टाटांनी चेअरमनपद घेतलं. १९८९ मध्ये मुळगावकर गेले. त्याच वर्षी पुण्यातल्या टेल्कोमधला कामगार संघर्ष देशभर गाजला. म्हणजे त्यांनी उभं केलेलं घर तेव्हा शांत नव्हतं, हेही नोंदवायला हवं.

१९९० मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं.

टाटामोबाइलच्या सांगाड्यावर पुढे सगळं कुटुंबच तयार झालं. १९९१ मध्ये सिएरा, १९९२ मध्ये इस्टेट आणि १९९४ मध्ये सुमो. एकाच चासीवर वेगवेगळे कपडे.

सुमोची बैठक दहा माणसांची. शिडीसारखी मजबूत चासी. पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, म्हणजे डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्याला त्याचं फारसं देणंघेणं नाही. मागे मात्र अखंड ॲक्सल आणि पाटे, कारण माणसं आणि सामान मागेच बसणार.

यात एक तडजोड होती आणि ती जाणूनबुजून केलेली होती. घरच्यांना फार हादरे बसू नयेत एवढी मऊ आणि दहा माणसं बसली तरी बसकण मारू नये एवढी कडक. या दोन टोकांमध्ये कुठे थांबायचं, हे ठरवणं म्हणजेच सस्पेन्शनचं इंजिनिअरिंग.

जगात या विषयाचा पाया घातला गेला तो १९३० च्या दशकात, अमेरिकेत. रोल्स-रॉइसमधून जनरल मोटर्समध्ये आलेला मॉरिस ऑली हा इंग्रज इंजिनिअर. त्याने एका गाडीवर पुढे-मागे सरकवता येतील अशी वजनं लादली, स्प्रिंगा बदलत गाडी पुन्हा पुन्हा चालवली आणि काय होतं ते टिपून ठेवलं. त्यातून कळलं की पुढची स्प्रिंग मागच्यापेक्षा थोडी मऊ हवी. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. मागची बाजू जरा जलद हलली तर ती पुढचीला गाठते आणि गाडी घोड्यासारखी डुलत नाही. १९३४ च्या कॅडिलॅकला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आलं, त्यामागे हेच काम होतं.

म्हणजे पुढचं आणि मागचं सस्पेन्शन ही जोडी आहे. एकाला हात लावला की दुसऱ्याचं गणित हलतं.

आता एक पाटा वाढवला तर?

आता पुन्हा आपल्या गॅरेजमधल्या प्रश्नावर येऊ.

समजा मागे एकसारखे पाच पाटे आहेत. त्यात तसाच सहावा घातला. ढोबळ हिशोबाने मागची स्प्रिंग २० टक्क्यांनी कडक झाली. गाडी भरली तरी आता बसत नाही, मालक खूश.

पण पुढची स्प्रिंग तीच आहे. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं. जी बाजू जास्त कडक, तिथे हे सरकणं जास्त होतं. मागची बाजू कडक झाली की मागच्या बाहेरच्या टायरवर ताण वाढतो. कोरड्या रस्त्यावर फारसं जाणवत नाही. पावसाळ्यात माळशेजच्या ओल्या वळणावर, गाडीत दोनच माणसं असताना, मागची बाजू सुटण्याची शक्यता मात्र वाढलेली असते.

पाट्याची जाडी हा तर आणखी नाजूक विषय. जाडी दुप्पट केली तर पाटा दुप्पट नाही, आठपट कडक होतो. भंगारातून मिळालेला जरा जाड पाटा टाकून देऊ, म्हणणाऱ्याला हा आठचा आकडा माहीत असायला हवा.

शॉकॲब्सॉर्बरचं तसंच. त्याचं काम वजन पेलायचं नाहीच. आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकललं जातं आणि उसळी जिरते. स्प्रिंग कडक केली आणि शॉकॲब्सॉर्बर जुनाच ठेवला तर गाडी उसळत राहते. उलट स्प्रिंग तीच ठेवून शॉकॲब्सॉर्बर खूप कडक टाकला तर खडबडीत रस्त्यावर चाक जमिनीला धरूनच राहत नाही. आणि जे चाक हवेत आहे, त्याला ब्रेकही नाही आणि स्टेअरिंगही नाही.

राहिला प्रश्न उंचीचा. गाडी किती सहज कलंडेल याचा ढोबळ हिशोब सोपा आहे. दोन चाकांमधल्या अंतराचं अर्धं घ्या आणि त्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. उदाहरणादाखल अंतर १.५ मीटर आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर धरला तर आकडा येतो १.०७. गाडी पाच सेंटिमीटर उचलली की तोच आकडा १ वर येतो. आकडा जेवढा लहान, तेवढी गाडी कलंडायला सोपी. त्यात टपावर कॅरिअर लावून सामान चढवलं तर तो आणखी खाली.

घाटात सुरक्षित वाटावं म्हणून केलेला बदल घाटातच अंगाशी येतो, तो असा.

मग करायचं काय?

हँडलिंग बिघडलं म्हणून येणाऱ्या बऱ्याच जुन्या गाड्यांना नवीन काही लावायची गरजच नसते. जे झिजलंय ते बदललं तरी काम होतं. क्रम साधारण असा ठेवता येतो.

आधी टायर आणि हवा. हवेचा दाब कमी-जास्त असेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही. मग सस्पेन्शनचे रबरी बुश, बॉल जॉइंट आणि पाट्यांच्या शॅकल. हे ढिले झाले की गाडी सरळ रस्त्यावरही भरकटते. मग चारही शॉकॲब्सॉर्बर. तेल गळत असेल तर कंपनीच्या मापाचे नवे, आणि तेही एका ॲक्सलचे दोन्ही मिळून. बसलेला किंवा तुटलेला पाटा असेल तर मूळ मापाचाच. शेवटी व्हील अलाइनमेंट.

एवढं करूनही वळणावर गाडी जास्तच कलत असेल तर त्या गाडीसाठी बनलेला अँटी-रोल बार हा विचार करण्यासारखा पर्याय आहे. हा एक वाकवलेला लोखंडी दांडा असतो, जो दोन्ही बाजूंची चाकं जोडतो. सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं सोबत वरखाली होतात तेव्हा तो गप्प असतो. गाडी एका बाजूला कलली की पिळला जातो आणि तिला आवरतो. पण हाही पुढे-मागे तोल बघूनच लावायचा.

आणि कायद्याचंही लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीत लिहिलेले कंपनीचे मूळ तपशील बदलतील असा फेरबदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा फेरबदलाला ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आली. अपघात झाला आणि गाडीत असा बदल सापडला तर विम्याचा दावा अडकू शकतो, ते वेगळंच.

मागे काय राहिलं?

सुमोच्या पहिल्या तीनेक वर्षांतच लाखभर गाड्या विकल्या गेल्या. पुढे क्वालिस आली, बोलेरो आणि स्कॉर्पिओ आल्या, सुमोही व्हिक्टा, गोल्ड अशी रूपं बदलत राहिली. २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

एक योगायोगही सांगण्यासारखा आहे. १९६९ मध्ये ज्यांचा तारा टेल्कोच्या ट्रकवरून उतरला होता, ते मर्सिडीजवाले १९९५ मध्ये आलिशान गाड्या बनवायला भारतात परत आले. पहिल्या गाड्या जोडल्या कुठे? पिंपरीत, टेल्कोच्या आवारात. पुढे त्यांनी स्वतःचा कारखाना काढला तोही चाकणला, त्याच पुणे-नाशिक रस्त्यालगत.

मुळगावकरांच्या नावाचं एक स्टेडियम जमशेदपूरला आहे. पण त्यांचं नाव सगळ्यात जास्त लोकांच्या तोंडी राहिलं ते एका गाडीमुळे, आणि ते नाव कुणाचं हे तोंडी घेणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं.

सिमेंटच्या भट्टीपासून ४०७ पर्यंत या माणसाने एकच सूत्र पाळलं. आधी यंत्र समजून घ्यायचं, माणसं तयार करायची, मोजमाप घ्यायचं आणि मगच बदल करायचा. त्याला वेळ लागतो, पण ते टिकतं.

तेव्हा पुढच्या वेळी घोडेगावच्या नाहीतर ओतूरच्या गॅरेजमध्ये जॅकवर चढवलेल्या सुमोखाली वाकून एक पाटा वाढवायचा विचार कराल, तेव्हा आधी एवढंच बघा : पाटा खरंच कमी पडतोय, की बुश झिजलेत, शॉकॲब्सॉर्बर गळतोय आणि टपावर सामान जास्त झालंय?